इवलीशी छत्री, अवघड पारख

रानातील छोट्या अळंब्या ओळखायच्या कशा? छत्राच्या रंगरूपावर विसंबणे धोक्याचे का ठरते?

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील आणि गोव्यातील बागांच्या कडेला आणि विदर्भातील सागवानाच्या जंगलात अळंब्या डोके वर काढू लागतात. मोठ्या अळंब्या चटकन नजरेत भरतात. मात्र पालापाचोळ्यात, कुजक्या ओंडक्यावर, वारुळाच्या आसपास उगवणाऱ्या नखाएवढ्या अळंब्यांची संख्या आणि विविधता त्यांच्याहून कितीतरी अधिक असते. त्यांतील एक-दोन जाती पिढ्यान्‌पिढ्या आवडीने खाल्ल्या जातात. काही जाती निरुपद्रवी असल्या तरी खाण्याजोग्या नसतात, तर काहींमधील विष माणसाचे यकृत निकामी करते. दिसायला मात्र या साऱ्याच पांढुरक्या, राखी किंवा तपकिरी छत्र्या असतात. म्हणूनच लहान अळंब्यांची ओळख हा अभ्यासकांनाही सावधपणे हाताळावा लागणारा विषय आहे.

फळ वर, झाड खाली

आपण जिला अळंबी म्हणतो, ते कवकाचे फळ होय. प्रत्यक्ष कवक जमिनीत, लाकडात किंवा पानांच्या थरात बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने वर्षभर वाढत असते. पुरेसा ओलावा आणि योग्य तापमान मिळाले की हे कवकजाल काही दिवसांपुरते फळ वर धाडते. त्याचे काम एकच, बीजाणू तयार करून ते वाऱ्यावर सोडणे. छत्राच्या खाली पंख्याच्या घड्यांसारख्या ज्या पातळ पट्ट्या दिसतात, त्यांना कल्ले म्हणतात. बीजाणू तयार होतात ते या कल्ल्यांवर.

अळंबीला हरितद्रव्य नसते. त्यामुळे तिला अन्न दुसरीकडून मिळवावे लागते. काही अळंब्या कुजणाऱ्या लाकडावर जगतात, काही पानांवर, तर काही जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात. एका गटाने तर थेट वाळवीशी भागीदारी केली आहे. अळंबी कशावर उगवली आहे, हा तिच्या ओळखीतील पहिला प्रश्न ठरतो, तो यामुळेच.

वारुळाजवळची पांढरी रास

आपल्याकडील खाण्याच्या रानअळंब्यांत वारुळावरच्या अळंब्यांचा मान मोठा. कोकणात त्यांना सरसकट अळंबी म्हणतात. विदर्भात सात्या, टेकोडे अशी नावे कानी पडतात. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात आणि तेथील अनेक देवळांत सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपातच होते. या अळंब्यांचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती स्वतंत्रपणे प्रस्थापित केली.

वाळवी खाल्लेल्या लाकडाच्या आणि पानांच्या विष्ठेपासून वारुळाच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी रचना उभारते आणि तिच्यावर या कवकाची अक्षरशः शेती करते. लाकडातील पचायला जड भाग कवक मऊ करते आणि वाळवी तो खाते. ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे अभ्यासक मानतात.

या प्रजातीतील सर्वांत लहान अळंबी म्हणजे टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस. श्रीलंकेतील नमुन्यांवरून १८७१ मध्ये तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. तिचे छत्र साधारण १ ते २.५ सेंटिमीटर रुंद असते. रंग पांढरा, मध्यभागी राखी किंवा फिकट तपकिरी छटा आणि टोकदार उंचवटा. देठ बारीक, कडे नसलेला. कल्ले पांढरे असतात, पुढे त्यांवर गुलाबी झाक चढते.

मोठ्या वारूळ-अळंब्यांचा देठ मुळासारखा लांबत खोल पोळ्यापर्यंत जातो. या छोट्या अळंबीला तसे लांब मूळ नसते. वाळवी पावसाळ्यात पोळ्याचे तुकडे वारुळाबाहेर आणून पसरते आणि त्या तुकड्यांवर ही अळंबी शेकड्यांनी उगवते. भाताची शिते जमिनीवर सांडावीत तसा तो देखावा दिसतो. मातीचा वरचा थर हलकेच बाजूला केला की देठांच्या बुडाशी पोळ्याचे तपकिरी, ठिसूळ कण सापडतात. छत्राकडे पाहून पटणार नाही इतकी खात्री या कणांवरून पटते.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या

नेमक्या याच हंगामात, याच आकाराच्या इतरही पांढुरक्या अळंब्या रानात असतात. त्यांतील चार गट लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला गट एन्टोलोमा. पालापाचोळ्यात आणि गवतात उगवणाऱ्या या अळंब्यांच्या छत्रालाही अनेकदा मध्ये टोक असते आणि वय वाढले की कल्ले गुलाबी होतात. ही दोन्ही लक्षणे वारुळाच्या छोट्या अळंबीशी जुळतात. फरक असा, की एन्टोलोमाचे कल्ले बहुधा देठाला चिकटलेले असतात, तर वारूळ-अळंबीचे कल्ले देठापासून सुटे. सूक्ष्मदर्शकाखाली एन्टोलोमाचे बीजाणू कोनदार दिसतात. या प्रजातीतील काही जाती खाल्ल्यास तीव्र उलट्या आणि जुलाब होतात.

दुसरा गट लेपिओटा, आणि भीती बाळगावी असा हाच. छत्र अनेकदा ५ सेंटिमीटरहून लहान, त्यावर तपकिरी किंवा तांबूस खवल्यांची नक्षी, कल्ले पांढरे आणि सुटे. देठावर कडे असते, पण ते इतके नाजूक की पावसाच्या एका सरीने गळून पडावे. या प्रजातीतील काही छोट्या जातींमध्ये अमाटॉक्सिन नावाचे प्राणघातक विष असते. हिमालयासारख्या थंड प्रदेशांतील कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या गॅलेरिना या छोट्या तपकिरी अळंबीच्या काही जातींतही तेच विष आढळते.

तिसरा गट ल्युकोकोप्रिनस. घरातील कुंडीत अचानक उगवणारी पिवळीधम्मक नाजूक छत्री याच गटातील. यांचे छत्र पातळ, काठावर बारीक रेघा असलेले आणि भुकटी शिंपडल्यासारखे दिसते. कुंडीतील पिवळ्या जातीने पोट बिघडते.

चौथा गट इनोसायबी. झाडांच्या मुळांशी नाते राखणाऱ्या या अळंब्यांचे छत्र तंतुमय असून काठाकडून मध्याकडे चिरत जाते. त्यांच्या अनेक जातींत मस्करीन हे विष असते. खाल्ल्यावर साधारण १५ मिनिटे ते २ तासांत दरदरून घाम सुटतो, लाळ गळते आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात.

पारख कशी करावी?

छत्र तोडून आणणे ही नवशिक्याची पहिली चूक. ओळखीची निम्मी लक्षणे देठाच्या बुडाशी असतात. त्यामुळे चाकूने किंवा काडीने माती सैल करून अळंबी बुडासकट उचलावी. एकाच ठिकाणच्या कोवळ्या, मध्यम आणि पूर्ण उमललेल्या अशा किमान तीन छत्र्या घ्याव्यात, कारण वयाप्रमाणे रूप पालटते. कळीच्या रूपातील टोकदार छत्र दोन दिवसांत सपाट होते, पांढरे कल्ले गुलाबी किंवा काळे होतात आणि देठावरचे कडे नाहीसे होते.

त्यानंतर पुढील गोष्टींची जागच्या जागी नोंद करावी.

आधार : माती, पाने, लाकूड, शेण की वारूळ? मातीतून आल्यासारखी दिसणारी अळंबी पुष्कळदा खाली गाडल्या गेलेल्या फांदीवर उगवलेली असते, म्हणून उकरून पाहावे.

कल्ले : देठापासून सुटे, चिकटलेले, की देठावरून खाली उतरणारे? दाट की विरळ?

देठ : पोकळ की भरीव? तारेसारखा चिवट की मोडल्यावर ठिसूळ? कडे किंवा त्याचा ओरखडा आहे का?

बूड : फुगीर आहे का? अंड्याच्या कवचासारखी पिशवी आहे का? अशी पिशवी आणि जोडीला पांढरे कल्ले दिसले, तर अमानिता या विषारी जाती असलेल्या प्रजातीची शंका घ्यावी.

गंध आणि रंगबदल : ताज्या अळंबीचा गंध लसणासारखा, मुळ्यासारखा किंवा पिठासारखा असू शकतो. कापल्यावर लाल, निळा किंवा पिवळा रंग चढतो का, हेही पाहावे. चव घेऊन पाहण्याचा मोह मात्र टाळावा.

बीजाणूंचा ठसा

एक बीजाणू डोळ्यांना दिसत नाही. त्याची लांबी बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पण लाखो बीजाणू एकत्र पडले की त्यांचा रंग कळतो. तो पाहण्याची रीत सोपी आहे. उमललेल्या छत्राचा देठ कापावा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद शेजारी ठेवून त्यांवर छत्र कल्ले खाली करून ठेवावे, वर पाण्याचा एखादा थेंब टाकून पेला पालथा घालावा. रात्रभरात कागदावर कल्ल्यांच्या रेषांचा ठसा उमटतो. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसत नाही, म्हणून काळ्या कागदाची सोय.

स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बीजाणूंच्या रंगाला वर्गीकरणात मोठे स्थान दिले. आजही प्राथमिक ओळखीसाठी हीच कसोटी वापरली जाते. लेपिओटा, मायसेना आणि मॅरास्मियस यांचा ठसा पांढरा किंवा फिकट पडतो. एन्टोलोमाचा गुलाबी, इनोसायबीचा मळकट तपकिरी, शाईच्या अळंब्यांचा काळा. हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही मोठी पांढरी अळंबी तर हिरवा ठसा देते. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरेच असतात, आणि त्यामुळेच ती अनेकांची फसगत करते.

मात्र ठसा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. वारुळाच्या छोट्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी असतो आणि एन्टोलोमाचाही गुलाबीच. लेपिओटा ठशावरून वेगळी पडते, एन्टोलोमा पडत नाही. तिथे कल्ल्यांची जोडणी आणि मातीतील पोळ्याचे कण पाहावे लागतात. एक लक्षण एका गटाला वगळते, दुसरे दुसऱ्याला. सर्व लक्षणे एकत्र जुळली तरच ओळख पटली असे मानता येते, आणि एक जरी जुळले नाही, तरी शंका कायम राहते.

रानातील इतर इवल्या छत्र्या

खाण्याचा विचार बाजूला ठेवला, तर छोट्या अळंब्यांचे जग मोठे रंजक आहे. सह्याद्रीत सहज भेटणारे काही गट असे :

मायसेना : घंटेच्या आकाराचे, जेमतेम १-२ सेंटिमीटरचे, काठावर रेघा असलेले छत्र आणि काचेसारखा नाजूक देठ. या प्रजातीतील काही जाती अंधारात हिरवट प्रकाश देतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात ओले लाकूड रात्री उजळते, त्याचे श्रेय बातम्यांतून पुष्कळदा जिवाणूंना दिले जाते. तो प्रकाश कवकाचा असतो, अनेकदा अळंबीचा नव्हे तर लाकडात पसरलेल्या कवकजालाचा. जगभरात अशा प्रकाशमान कवकांच्या १०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. हा प्रकाश देणारे मूळ द्रव्य कोणते, याचा उलगडा २०१५ मध्ये झाला.

मॅरास्मियस : वाळक्या पानांवर आणि काटक्यांवर उगवणारी, घोड्याच्या केसासारखा काळा चिवट देठ असलेली छत्री. कल्ले मोजता येतील इतके विरळ. उन्हात ती वाळून आक्रसते आणि पुढच्या सरीनंतर पुन्हा ताजी होते. बहुतेक अळंब्या अशा वेळी सडून जातात, त्यामुळे हे लक्षण ओळखीला फार उपयोगी पडते.

कॉप्रिनेलस डिसेमिनेटस : कुजक्या बुंध्याभोवती शेकड्यांनी उगवणाऱ्या राखी टोप्या. काळा ठसा देत असूनही ही अळंबी आपल्या नातलगांप्रमाणे शाईसारखी विरघळत नाही. शाईच्या सर्व अळंब्या पूर्वी एकाच प्रजातीत मोडत. जनुकीय अभ्यासानंतर २००१ मध्ये त्यांची विभागणी झाली.

शायझोफायलम कम्युन : वाळक्या फांद्यांवर पंख्यासारखी चिकटलेली, लोकरी, पांढुरकी अळंबी. तिचे कल्ले लांबीत दुभंगलेले असतात, ही एकच खूण ओळखीला पुरते. कोरड्या हवेत कल्ल्यांच्या कडा आत वळून बीजाणूंचा भाग झाकतात. या एका जातीत २३ हजारांहून अधिक ‘लिंगप्रकार’ मोजले गेले आहेत. मणिपूरमध्ये ती खाल्ली जाते.

सायाथस : काटक्यांवर उगवणारा, चिमुकल्या घरट्यासारखा पेला आणि त्यात अंड्यांसारखे दाणे. पावसाचा थेंब पेल्यात पडला की दाणे उसळून दूर फेकले जातात. हिला ना छत्र, ना कल्ले. त्यामुळे नवशिक्यालाही ओळखता येईल अशी ही अळंबी आहे.

घातक समजुती

विषारी अळंबी शिजवताना चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो, किडे लागलेली अळंबी बिनविषारी असते, पांढरी अळंबी चांगली आणि रंगीत वाईट, मीठ-हळद घालून उकळले की विष उतरते, अशा समजुती सर्वत्र ऐकू येतात. त्यांतील एकही खरी नाही. अमाटॉक्सिन चांदीवर परिणाम करत नाही. गोगलगाई आणि अळ्या विषारी अळंब्याही खातात. जगातील सर्वाधिक बळी घेणाऱ्या अळंब्यांत फिकट रंगाच्या अळंब्याच आघाडीवर आहेत. शिजवून, वाळवून किंवा गोठवून अमाटॉक्सिन नष्ट होत नाही.

भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून नाव सांगणारी साधने अलीकडे सर्रास वापरली जातात. अभ्यासाची सुरुवात म्हणून ती ठीक आहेत. मात्र छायाचित्रात बीजाणूंचा रंग, देठाचे बूड, गंध आणि मातीखालचा आधार दिसत नाही. नेमक्या ज्या खुणांवर निर्णय व्हायचा, त्याच तिथे गैरहजर असतात.

विषबाधा झाल्यास

एप्रिल २०२२ मध्ये आसाममधील चहामळ्यांच्या पट्ट्यात रानअळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. अशा घटनांत घात होतो तो बहुतेक वेळा उशिरामुळे, आणि हा उशीर विषाच्या स्वभावातच आहे. अमाटॉक्सिनची लक्षणे खाल्ल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांनी सुरू होतात. उलट्या-जुलाबांचा एक झटका येतो आणि मग रुग्णाला बरे वाटू लागते. घरचे निर्धास्त होतात. याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. प्रथिने तयार करण्याचा संदेश वाहून नेणारी यंत्रणाच हे विष बंद पाडते. दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते, तेव्हा उपचाराची संधी बरीचशी निसटलेली असते. काही रुग्णांना यकृतरोपणावाचून पर्याय उरत नाही. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम इतकी अल्प मानली जाते.

त्यामुळे अळंबी खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास, विशेषतः तो ६ तासांनंतर सुरू झाल्यास, घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उरलेली अळंबी, साफ करताना टाकलेले देठ, शिजवलेली भाजी, जे हाती लागेल ते सोबत न्यावे. नमुना कागदात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो सडतो. ज्यांनी तीच भाजी खाल्ली, पण ज्यांना अद्याप त्रास नाही, त्यांनाही तपासणीसाठी न्यावे. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय विष माहिती केंद्र डॉक्टरांना अहोरात्र सल्ला देते.

नोंदींची परंपरा आणि अपुरे काम

महाराष्ट्रात कवकांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजेच आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात साठे आणि देशपांडे यांनी महाराष्ट्रातील अळंब्यांची नोंद केली. ज्येष्ठ कवकशास्त्रज्ञ श्री. ल. आजरेकर यांच्या नावाने ओळखला जाणारा वाळवलेल्या कवकांचा संग्रह याच संस्थेत आहे. २०१२ पासून जनुकांचा एक ठरावीक तुकडा कवकांच्या ओळखीसाठी जगभर प्रमाण मानला जातो. डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या अनेक छोट्या अळंब्या प्रत्यक्षात वेगळ्या जाती असल्याचे त्यामुळे उघड होऊ लागले आहे.

तरीही काम अफाट आहे. पृथ्वीवर कवकांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये मांडण्यात आला. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या घरात आहेत. सह्याद्रीतील एखाद्या ओंडक्यावरील छोट्या छत्रीला अद्याप नावच नसेल, ही शक्यता खरीखुरी आहे. आणि जिला नाव नाही, तिच्या विषाची परीक्षाही झालेली नसते.

गावातील जाणती माणसे दरवर्षी त्याच वारुळाकडे, त्याच पंधरवड्यात जातात आणि बुडाशी माती पाहून अळंबी काढतात. त्यांचे ज्ञान छत्राचे नसून जागेचे आणि वेळेचे असते. म्हणून ते खरे ठरते आणि म्हणूनच ते दुसऱ्या प्रदेशात नेता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आग्नेय आशियाई कुटुंबांनी मायदेशातील भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून तिथली जीवघेणी अमानिता खाल्ल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. अळंबी ओळखीची वाटली होती, रान मात्र अनोळखी होते.

लहान अळंब्या पाहाव्यात, त्यांचे ठसे घ्यावेत, वहीत नोंदी कराव्यात. हा छंद बिनखर्चाचा आणि आनंदाचा आहे. ताटात मात्र जाणकाराने जागेवर जाऊन, बुडापासून पाहून ओळखलेली अळंबीच यावी. जिच्याविषयी थोडीही शंका आहे, ती रानातच राहू द्यावी.